आतून लावायची कडी

माझ्या दांड्यावर एक चरा आहे. मुठीपासून बोटभर अंतरावर तो सुरू होतो आणि टोकाशी संपतो. सुरुवातीला केसासारखा बारीक, पुढे थोडा रुंद. डोळ्यांना तो सहज दिसत नाही, नखाने चाचपावा लागतो. खिळ्याने ओढलेला चरा सगळीकडे सारखा असतो. हा तसा नाही. रोज एकाच हाताने, एकाच दिशेने, किंचित वर उचलून सरकवल्यामुळे तो पडला आहे. मला लावणारी व्यक्ती डावखुरी होती आणि दार थोडे खाली उतरले होते, एवढे कोणीही जाणता माणूस त्यावरून सांगू शकेल.

ती मला का लावत होती, हे मात्र चऱ्यावरून कळत नाही. पुढचे सगळे घडले ते त्यावरूनच.

मित्रांनो, मी दाराला आतून लावायची पितळी कडी आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. तुम्हाला आधीच सांगून ठेवते की माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. त्यात माझा दोष नाही. संशय हे माझे कामच आहे. दारावर थाप पडली की मी तीन गोष्टी विचारते. कोण आहे? कशाला आला आहे? आणि इतक्या जोरात वाजवण्याची गरज होती का? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत मी जागची हलत नाही.

जुने नळ, दिव्यांच्या बैठका आणि एक फुटकी घंटा यांच्या ओतीव पितळेतून माझा जन्म झाला. घंटेचा अंश माझ्यात असल्यामुळे असेल, कोयंड्यात शिरताना मी एक छोटा स्वच्छ आवाज करते. चार स्क्रू घेऊन सुतार मला बसवायला आला, तेव्हा त्याने घरातल्या बाईंना विचारले, “आतून लावायची का बाहेरून?”

“आतून,” बाई म्हणाल्या. “बाहेरून कुलूप घालावं असं आमच्या घरात आहे काय?”

बाई दातांच्या कवळ्या बनवत. सगळी गल्ली त्यांना कवळीबाई म्हणे आणि त्यांना त्याचे काही वाटत नसे. पुढची खोली कामाची. खिडकीशी टेबल, टेबलावर मेणाच्या पट्ट्या, प्लॅस्टरचे जबडे, घासायची छोटी चाके. मागच्या खोलीत त्यांचे सासरे राहत. बाई त्यांना मामंजी म्हणत. बाईंनी शिकत असताना बनवलेली पहिली कवळी मामंजींच्याच तोंडात होती. ते सगळ्यांना सांगत, “माझे दात सूनबाईचे आहेत. तिला उलट बोलायची माझी सोयच राहिली नाही.”

“तरी बोलताच की,” बाई हातातले काम न थांबवता म्हणत.

आता माझे काम ऐका. गिऱ्हाईक आत आले की बाई मला लावत, आणि मग म्हणत, “हं, काढा आता.” त्याआधी कधीही नाही. दात काढून हातात घेतले की माणसाचा चेहरा बदलतो. गाल आत जातात, ओठ दुमडतात, आवाजातून हवा निसटते. एरवी रुबाबात बोलणारी माणसे त्या खोलीत खाली मान घालून बसत. एक गाणे शिकवणाऱ्या बाई येत. त्यांच्या नवऱ्यालाही त्यांचे वरचे दात खरे वाटत होते. मी लागलेली आहे ना, हे त्या वळून वळून पाहत.

मग बाई मऊ लगदा भरलेला साचा तोंडात धरून माप घेत. ते माप बाहेर आले की त्यावर लगेच ओले फडके झाकत. हे त्या कधीच विसरल्या नाहीत. तो लगदा उघडा राहिला तर त्यातले पाणी उडून जाते आणि तो आकसतो. डोळ्यांना काहीच कळत नाही, पण त्यावरून केलेली कवळी हिरड्यांना बोचते.

अशी माझी चांगली वर्षे गेली. बाई मला मऊ फडक्याने पुसत, अधूनमधून तेलाचा थेंब देत. मला वाटे, घरातले सगळ्यात महत्त्वाचे काम माझ्याकडेच आहे.

मग शहरात एक भयंकर गोष्ट घडली. एका माणसाने घरच्या घरी खोकल्याचे औषध बनवून विकले आणि ते पिऊन लहान मुले दगावली. लोक संतापले. संतापणारच. सरकारने घाईने एक कायदा केला. ज्या घरात काही बनवण्याचे काम चालते, त्या घराच्या दाराला ‘आतून बंद करण्याचे, म्हणजेच लपवण्याचे कोणतेही साधन’ असता कामा नये. तपासनीस केव्हाही, न विचारता, कारण न सांगता आत येऊ शकतील.

मामंजींनी वर्तमानपत्र वाचून दाखवले. बाई म्हणाल्या, “ते औषधवाल्यांसाठी असेल. माझ्या दातांनी कोण मरतंय?”

मला तेव्हाच शंका आली. कायद्यात ‘म्हणजेच’ हा शब्द कशाला लागतो? दोन गोष्टी खरोखर एकच असतील, तर तसे सांगावे लागत नाही.

कायद्याबरोबर गल्लीत आणखी काहीतरी शिरले. कोणाच्या दाराला कडी आहे हे कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहील, असे जाहीर झाले होते. त्यामुळे सगळेच एकमेकांच्या दारांकडे पाहू लागले. शेजारीण वाटी परत द्यायला आली की बाई उंबऱ्यावरच वाटी घेत. शेजारीण म्हणे, “आत नाही बोलावणार?” बाई म्हणत, “काम पसरलंय.” शेजारीण जाताना दारापेक्षा माझ्याकडेच जास्त पाहते, असे मला वाटे. दूधवाल्याचाही मला संशय होता. तो हल्ली चपला काढून येऊ लागला होता, आणि ज्याची चाहूल लागत नाही तो मला आवडत नाही.

एके दिवशी सकाळी एक बस कंडक्टर माप द्यायला आला होता. खणखणीत आवाजाचा माणूस. थांब्यांची नावे तो अशी पुकारी की झोपलेले प्रवासी दचकून उठत. त्याच्या तोंडात साचा होता, दात टेबलावरच्या वाटीत होते, आणि मी लागलेली होते. तेवढ्यात थाप पडली. हाताची नव्हे, काठीची.

“तपासनीस. उघडा.”

“जरा थांबा,” बाई म्हणाल्या. “माप घट्ट होतंय. लगेच उघडते.”

“थांबा कशाला? लपवायचंय का काही?”

बाईंनी कंडक्टरकडे पाहिले. त्याने घाबरून हातानेच खूण केली, उघडा. बाईंचा डावा हात माझ्यावर आला. तो लगद्याने ओला होता. मी सरकले. खरे सांगायचे तर मला सरकायचे नव्हते, पण कडीला सरकवणाऱ्याचे ऐकावे लागते.

तपासनीस आणि त्याची दोन माणसे आत आली. त्यांतल्या एकाने खुर्चीकडे पाहिले आणि तो मोठ्याने हसला. “अरे, हे तर आपल्या बसचे कंडक्टर! साहेब, शेवटचा थांबा कुठला, सांगा बघू.”

कंडक्टरने साचा ओढून काढला. माप फाटले. तोंडावर रुमाल धरून तो निघून गेला. दात वाटीतच राहिले.

तपासनीसाने मेण हुंगले, प्लॅस्टर हुंगले. त्यात काही सापडले नाही. मग त्याने पेचकस काढला आणि माझे चारही स्क्रू सोडवले. मला एका कापडी पिशवीत घालून तोंड शिवले आणि वर चिठ्ठी लावली: ‘लपवण्याचे साधन, नग एक.’

बाई म्हणाल्या, “साहेब, तेवढं एक खोटं लिहिलंत. मी लपवत नाही. झाकते.”

“एकच की ते,” तपासनीस म्हणाला.

मला मुद्देमालाच्या खोलीत ठेवले. जप्त केलेल्या वस्तू खटला संपेपर्यंत तिथे पडून असतात. माझ्या एका बाजूला एक सुरा होता, दुसऱ्या बाजूला खोटे शिक्के. ते आपापले गुन्हे रंगवून सांगत. त्यांनी मला विचारले, तू काय केलेस? मी म्हणाले, मी लागले होते. त्यांचा विश्वास बसला नाही. तिथे मी काळवंडले. पितळेला कोणी पुसले नाही की तसे होते. पिशवीतल्या अंधारात मी एकच विचार करत होते. कळवले कोणी? शेजारणीने, की दूधवाल्याने?

बाईंवर खटला झाला. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर शिक्षा भोगून मोकळे झाले असते. पण गाणे शिकवणाऱ्या बाईंची मुलगी वकील होती. ती म्हणाली, “मावशी, तुम्ही कायदा मोडलाय की नाही, हा प्रश्न नंतरचा. हा कायदा करायचा अधिकार सरकारला होता का, हे आपण आधी विचारू.” तिने वरच्या न्यायालयात कायद्यालाच आव्हान दिले, आणि तिच्या अर्जावरून मलाही तिथे नेण्यात आले. न्यायालयाच्या कारकुनाने शिवण उसवून पिशवी टेबलावर ठेवली. बऱ्याच काळाने मला उजेड दिसला.

पहिल्या रांगेत बाई आणि मामंजी बसले होते. न्यायमूर्ती यायचे होते. मामंजी सारखे चुळबुळ करत होते.

“सूनबाई, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस.”

“आत्ता?”

“त्या न्हाव्याच्या दुकानात मी म्हणालो होतो. कायदा निघाला तेव्हा. म्हटलं, आमच्या सूनबाईनं कडी लावली की आत यायची कुणाची छाती नाही. कौतुकानं म्हणालो गं. पलीकडच्या खुर्चीत कोण दाढी करून घेतंय, मला काय ठाऊक.”

बाईंनी मामंजींकडे वळून पाहिले. मग म्हणाल्या, “आणि मी शेजारणीशी इतके दिवस धड बोलले नाही.”

“मग काय, मला दात देणार नाहीस आता?”

“घरी चला, मग बघते,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. मला मात्र धक्का बसला. माझ्या यादीत मामंजींचे नाव नव्हतेच. मित्रांनो, तेव्हा मला समजले की त्या कायद्याने दारांच्या कड्या काढल्या आणि माणसांच्या मनाला लावल्या.

न्यायमूर्ती आले. तिघे होते. मधले थोरले, पांढऱ्या भुवयांचे, त्यांनीच बहुतेक प्रश्न विचारले. त्यांनी पहिले वाक्य उच्चारले आणि बाईंनी मान वर केली. मामंजीही सरसावून बसले.

“सूनबाई,” ते कुजबुजले, “साहेब आपल्यातलेच दिसतात.”

“हळू.”

“‘स’ म्हणताना शिट्टी येतेय. वरची ना?”

“वरची. सैल झालीय. आता गप्प बसा.”

“वकीलबाईंना सांगू? उपयोग होईल.”

“कुणालाही सांगायचं नाही,” बाई म्हणाल्या. “घरी गेल्यावरसुद्धा नाही.”

मामंजींनी तोंड मिटले. पण माझा संशय जागा झाला. हे साहेब आमच्या बाजूने निकाल देतील तो स्वतःच्या दातांसाठी तर नसेल? की आपल्याला झाकण्यासारखे काही नाही, हे दाखवायला उलटच देतील?

सरकारी वकील हुशार होते आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. त्यांच्या मागे एक माणूस बसला होता. त्या औषधाने त्याची लहान मुलगी गेली होती. वकील त्याच्याकडे हात करून म्हणाले, “कडी मोठी की या माणसाचं लेकरू? ज्याला काही लपवायचं नाही, त्याला कडी लागतेच कशाला?”

त्या माणसाकडे मला पाहवेना. त्याच्यासमोर मी, एक काळवंडलेली कडी, काय बोलणार?

“तुमच्या घराला आहे का आतून कडी?” मधल्या न्यायमूर्तींनी विचारले.

“आहे साहेब. पण मी घरात काही बनवत नाही.”

“काय करता ते मी विचारत नाही,” न्यायमूर्ती म्हणाले. मागे लोक हसले. सरकारी वकीलही हसले.

मग वकीलबाई उभी राहिली. मित्रांनो, तिने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगते. देशाची घटना म्हणजे सगळ्या कायद्यांच्या वरचा कायदा. घटनेने माणसाला काही हक्क दिलेले असतात. कोणाचेही सरकार आले तरी ते हक्क त्याला सहज काढून घेता येत नाहीत. सरकारला कधी त्यांच्यात हात घालावाच लागला, तर न्यायालय त्या कायद्याला उंबऱ्यावर थांबवते आणि विचारते: तुला हा अधिकार कोणी दिला? तू कशासाठी आला आहेस? आणि इतक्या जोरात येण्याची गरज होती का? हे ऐकून मी थक्क झाले. हे तर माझेच प्रश्न होते. मी ते दारावरच्या माणसाला विचारते, न्यायालय ते सरकारला विचारते. म्हणजे संशय घेणे वाईट नसते. तो कोणी कोणावर घ्यायचा, हे महत्त्वाचे असते.

तिने कंडक्टरचे म्हणणे वाचून दाखवले. त्या दिवसानंतर बसमध्ये पोरे त्याच्यामागे थांब्यांची नावे बोबडी करून पुकारत. त्याने गाडीवरचे काम सोडून आगारात कोपऱ्यातले टेबल मागून घेतले होते.

“कायदा म्हणतो, बंद करणं म्हणजेच लपवणं,” ती म्हणाली. “या बाई मापावर ओलं फडकं घालतात. ते लपवण्यासाठी नाही. उघडं राहिलं तर ते बिघडतं, म्हणून झाकतात. माणसाचंही काही असंच झाकावं लागतं.”

“माप वेगळं, माणूस वेगळा,” न्यायमूर्ती कोरडेपणाने म्हणाले. “शब्द सुंदर आहेत. पण मुलं गेली आहेत. त्या औषधवाल्याच्या दाराला कडी नसती, तर ती वाचली असती का? याचं उत्तर मला द्या.”

वकीलबाई आपल्या टिपणांकडे वळली. सरकारी वकिलांनी कागद चाळले. तेवढ्यात मागचा तो माणूस हळूच उभा राहिला.

“मी बोलू का?”

न्यायमूर्तींनी मान हलवली.

“त्याचं दार उघडंच असायचं साहेब,” तो म्हणाला. “मीच जायचो ना औषध आणायला. कधी वाजवावं लागलं नाही. तपासणारे साहेबही खुर्ची टाकून बसलेले असायचे तिथं. मी कुणाच्या बाजूनं बोलत नाहीय. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं.”

तो खाली बसला. 

मधले न्यायमूर्ती सरकारी वकिलांकडे वळून म्हणाले, “कारण दाखवून, न्यायालयाचा हुकूम घेऊन आत गेलात, तर तुमचं काय अडतं?”

“वेळ जातो, साहेब.”

“आणि ही कडी काढल्यानं एखादं विषारी औषध सापडलंय का? या घरी, किंवा दुसऱ्या कुठल्या?”

सरकारी वकिलांनी कागद पुन्हा चाळले. “माहिती घेऊन सांगतो.”

निकाल राखून ठेवला गेला. राखून ठेवणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. माझी पिशवी पुन्हा शिवली गेली. मी पुन्हा सुऱ्याच्या आणि शिक्क्यांच्या मध्ये. ऋतू बदलले, भिंतीला ओल आली आणि गेली. शिक्के म्हणत, निकाल सरकारच्याच बाजूने लागणार, सगळे एकाच माळेचे मणी. मला ते खरे वाटू लागले होते. इतका उशीर होतो, याचा अर्थ आत काहीतरी शिजते आहे, असे मी मनाशी म्हणे. माझा दांडा हिरवट पडला.

शेवटी एके दुपारी मला परत न्यायालयात नेले आणि पिशवीची शिवण उसवली. बाई बारीक झाल्या होत्या. गिऱ्हाइके जवळजवळ येईनाशी झाली होती, हे त्यांच्या बोटांवरून कळत होते. त्यांवर प्लॅस्टरचा पांढरेपणा नव्हता. त्यांच्या शेजारी मामंजी होते, आणि मामंजींच्या शेजारी चक्क शेजारीण. मुलगी गेलेला तो माणूसही आला होता, पण या वेळी एका बाजूच्या बाकावर एकटा बसला होता.

मित्रांनो, निकाल सांगण्याआधी माझे एक मागणे ऐकून ठेवा. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी कडी असेल. तिला कधीतरी पुसा, तेलाचा थेंब द्या. नाहीतर ती गंजून बसते आणि ज्या दिवशी लागायला हवी त्याच दिवशी लागत नाही. हक्कांचेही तसेच असते. आणि दुसऱ्याचे दार लागलेले दिसले, तर आत काय लपवले असेल याचा विचार करू नका. थाप द्या आणि थांबा.

मधले न्यायमूर्ती वाचू लागले. निकाल आधीच टाइप होऊन समोर आला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुमच्या जागी मी असते तर संशय घेतला असता. बराच वेळ ते वाचत होते. मुलांचा जीव वाचवणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, ते म्हणाले. घरांची तपासणी सरकारने जरूर करावी. मग ते शेवटच्या पानावर आले, आणि एका ‘स’वर त्यांचा आवाज घसरला. वरची कवळी निसटली होती.

ते थांबले. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला आणि खुर्ची किंचित भिंतीकडे वळवली.

बाईंनी सगळ्यात आधी मान खाली घातली. मग मामंजींनी. मग वकीलबाईने, सरकारी वकिलांनी, शेजारणीने. कोणी कोणाला सांगितले नव्हते. दारापाशी तोच तपासनीस उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहिले, आणि मग तोही आपल्या बुटांकडे पाहू लागला. भरलेल्या त्या दालनात कुठलेही दार बंद नव्हते, तरी थोडा वेळ कोणीतरी कडी लावली होती.

खुर्ची परत वळली. रुमाल खिशात गेला. न्यायमूर्तींनी राहिलेली वाक्ये सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचली.

“झाकणं म्हणजे लपवणं नव्हे. न विचारता, कारण न सांगता घरात शिरण्याचा अधिकार घटना कुणालाही देत नाही. हे कलम रद्द करण्यात येत आहे. बाईंवरचा खटलाही रद्द.” त्यांनी कागद खाली ठेवला आणि माझ्या पिशवीकडे पाहिले. पुढचे कागदावर नव्हते. “आणि त्यांची कडी त्यांना परत द्या. स्क्रूंसकट.”